बरे झाल्यानंतरचे भय
कर्करोगातून वाचलेल्यांचा आघातोत्तर ताण आणि त्याचा प्रतिबंध



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. विषय कितीही अवघड असो, तो शब्दांचे अवडंबर न माजवता सांगता आला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आजचा विषय वैद्यकातला असला तरी तो दंडक पाळण्याचा मी प्रयत्न करणार आहे. मानसोपचाराचा व्यवसाय करताना माझ्याकडे जे रुग्ण येतात, त्यांत कर्करोगातून पूर्ण बरे झालेल्यांची संख्या गेल्या काही वर्षांत लक्षणीय वाढली आहे. ‘पूर्ण बरे झालेल्यांची’ असे मी हेतुपुरस्सर म्हणते. शल्यविशारदाने टाके काढलेले असतात, किरणोपचार संपलेले असतात, तपासणीचा अहवाल निर्मळ आलेला असतो. आणि तरीही हा मनुष्य रात्री दोन वाजता घामाने डबडबून जागा होतो. घरचे म्हणतात, “आता तर सगळे संपले, मग आता कशाची भीती?” या प्रश्नाचे उत्तर देणे आणि ती भीती विकाराच्या थराला जाऊ नये म्हणून काय करता येते ते सांगणे, एवढाच माझ्या व्याख्यानाचा हेतू आहे.

विषयाचा व्याप लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे साडेचौदा लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला. उपचार सुधारत आहेत, त्यामुळे वाचणाऱ्यांची संख्याही वाढत आहे. आपल्या बेळगाव परिसरातून कोल्हापूर, मिरज, मुंबई अशा वाऱ्या केलेली माणसे आज प्रत्येक गल्लीत आहेत. शरीराच्या उपचारासाठी त्यांनी घरदार गहाण टाकले असेल. मनाच्या वाट्याला मात्र “धीर धरा” या दोन शब्दांपलीकडे फारसे काही आलेले नसते.

विकाराची ओळख

अतिशय भीषण प्रसंगातून गेलेल्या माणसाचे मन त्या प्रसंगातच अडकून राहते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु या अवस्थेस स्वतंत्र विकार म्हणून मान्यता मिळाली ती १९८० मध्ये. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे हाल पाहून अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा समावेश केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन डॉक्टर मंडळी त्यास ‘पीटीएसडी’ म्हणतात. मराठीत आपण ‘आघातोत्तर ताणविकार’ म्हणू.

त्याच्या लक्षणांचे चार गट पडतात. पहिला गट अनाहूत आठवणींचा : प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडत असल्यासारखा वाटतो, स्वप्नांतही तोच येतो. दुसरा गट टाळण्याचा : त्या प्रसंगाची आठवण करून देणारी जागा, माणसे, बोलणी, वस्तू यांपासून मनुष्य दूर पळतो. तिसरा गट मनोवृत्ती पालटण्याचा : कशातच गोडी न वाटणे, आपल्या माणसांतही परकेपणा, स्वतःला दोष देणे. चौथा गट अखंड सावधतेचा : झोप न लागणे, लहानशा आवाजाने दचकणे, चिडचिड. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी रोजच्या जीवनात अडथळा आणला, तर त्यास विकार म्हणावयाचे. पहिल्या काही दिवसांतील भीती, रडू, झोपमोड हा विकार नव्हे. संकटात सापडलेल्या निरोगी मनाचीच ती खूण होय.

आठवण आणि शरीर यांची सांगड कशी बसते, याचे एक साधे उदाहरण देते. रसायनोपचारात वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन नावाचे एक औषध रंगाने लालभडक असते. ते शिरेतून जात असताना ज्यांना वारंवार उलट्या झाल्या, त्यांच्यापैकी काहींना पुढे कित्येक महिने कोकम सरबताचा पेला पाहूनही मळमळते. कुणाला स्पिरिटचा वास पुरतो, कुणाला रुग्णालयाच्या रस्त्याचे वळण. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने घंटा आणि अन्न यांची सांगड घालून कुत्र्यांच्या तोंडाला पाणी आणून दाखवले. येथे तीच किमया भयाच्या बाबतीत घडते. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. धोका एकदा ओळखला की त्याच्या आजूबाजूच्या सर्व खुणा टिपून ठेवणे हे मेंदूचे कामच आहे. संकट टळले तरी तो त्या खुणा पुसत नाही, एवढेच.

हा आघात वेगळा कसा

युद्ध, अपघात, भूकंप हे आघात बाहेरून येतात आणि कधीतरी संपतात. सैनिकाला सांगता येते, “आता तुम्ही घरी आहात, येथे गोळी येणार नाही.” कर्करोगाच्या बाबतीत असे सांगता येत नाही. येथे धोका स्वतःच्याच शरीरात होता आणि त्याची भीती भूतकाळापेक्षा भविष्याकडे अधिक पाहते. पाठ दुखली की ‘तोच परत आला असेल काय?’ हा प्रश्न उभा राहतो आणि तो सर्वस्वी निराधारही नसतो. म्हणूनच पाठपुराव्याच्या तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून घरातले वातावरण बदलते.

या वेगळेपणामुळे तज्ज्ञांतही मतांतर झाले. १९९४ च्या निदानपुस्तिकेत जीवघेण्या आजाराचे निदान हा आघात ठरू शकतो असे मान्य करण्यात आले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही व्याख्या आखडती घेतली : केवळ गंभीर आजार असणे म्हणजे आघात नव्हे, शस्त्रक्रियेच्या मध्येच शुद्धीवर येणे यासारखा अकस्मात आणि भयंकर प्रसंग घडला असेल तरच तो आघात. व्याख्येचा हा वाद अभ्यासकांना महत्त्वाचा आहे. ज्याची झोप उडाली आहे त्याला मात्र निदानाच्या चौकटीत बसतो की नाही यावरून मदत नाकारता येणार नाही. पूर्ण विकार नसलेल्या, पण त्याची काही लक्षणे सोसणाऱ्यांची संख्या पूर्ण विकार असलेल्यांपेक्षा नेहमीच मोठी असते.

या संदर्भात मलेशियात झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तो २०१८ मध्ये ‘कॅन्सर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेल्या ४६९ प्रौढ रुग्णांची त्यात सहा महिन्यांनी आणि पुन्हा चार वर्षांनी तपासणी करण्यात आली. सहा महिन्यांनी शेकडा २१.७ जणांत आघातोत्तर ताणविकार आढळला. चार वर्षांनी हे प्रमाण शेकडा ६.१ पर्यंत उतरले. म्हणजे बहुतेकांचे मन काळाच्या ओघात सावरते. परंतु आरंभी ज्यांना विकार होता त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश लोकांची लक्षणे चार वर्षांनीही तशीच होती किंवा वाढली होती. ‘काळ हेच औषध’ ही म्हण दोनतृतीयांशांच्या बाबतीत खरी ठरली, उरलेल्यांच्या बाबतीत नाही.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत सहा महिन्यांनी हा विकार आढळण्याची शक्यता इतरांच्या मानाने ३.७ पटींनी कमी होती. त्या केंद्रात मुख्यतः याच रुग्णांसाठी पहिल्या वर्षात समुपदेशनाचा आणि आधाराचा खास कार्यक्रम चालत असे; त्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. चार वर्षांनी मात्र हा फरक उरला नव्हता. माझ्या दृष्टीने यात आशा आहे आणि इशाराही आहे. आधार वेळेवर मिळाला तर उपयोग होतो असे दिसते. पण एक वर्ष देऊन तो काढून घेतला तर तो पुरा पडत नसावा.

हे सारे रोखण्याची निकड कशासाठी, असे कुणी विचारील. मनुष्य जगला, आता थोडी भीती वाटली तर वाटू द्या! येथेच मोठी गफलत होते. टाळणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण आहे आणि ज्याला रुग्णालयाचीच धास्ती बसली आहे तो सर्वप्रथम रुग्णालयच टाळतो. तपासणीची तारीख पुढे ढकलली जाते, गोळ्या अर्धवट सुटतात, नवी गाठ हाताला लागूनही सांगितली जात नाही. रोग परतलाच, तर तो लवकर सापडण्याची संधी अशा रीतीने हातची जाते. मनाचे दुखणे येथे थेट शरीराच्या जिवावर उठते.

कोणाला अधिक जपावे

सामान्य समजूत अशी की रोग जितका पुढच्या अवस्थेतला, तितका मनावरचा घाव खोल. प्रत्यक्षात रोगाच्या अवस्थेचा आणि ताणाचा असा सरळ हिशेब बसत नाही. रुग्णाला स्वतःला आपल्या जिवाचा धोका किती वाटला, याला अधिक महत्त्व आहे. पहिल्या अवस्थेतील रोग असलेली बाई आठ दिवस मृत्यूच्या छायेत वावरली असेल आणि तिची शंका विचारून घेणारे कुणी भेटलेच नसेल, तर तिच्या मनावरचा घाव खोल असू शकतो.

काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र आधीपासूनच सावध असावे. ज्यांनी पूर्वी एखादा मोठा आघात किंवा मानसिक आजार भोगला आहे, जे वयाने तरुण आहेत, ज्यांना अतिदक्षता विभागात राहावे लागले किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखा खडतर उपचार घ्यावा लागला, ज्यांच्या वेदना नीट आटोक्यात आल्या नाहीत, ज्यांचा रोग उलटला, आणि ज्यांच्यामागे माणसांचे किंवा पैशाचे बळ नाही, अशांना जोखीम अधिक. या यादीतील वेदना आणि एकटेपणा या दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत, हे ध्यानात घ्यावे.

काय करू नये

प्रतिबंध म्हटले की काहीतरी विशेष करावे असे आपल्याला वाटते. परंतु सद्भावनेने केलेली गोष्टही अपाय करू शकते, याचा धडा मानसशास्त्राने स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आघातानंतर लगेच एकाच बैठकीत त्या माणसाकडून सर्व प्रसंग सविस्तर वदवून घ्यावा, भावना मोकळ्या करून घ्याव्यात, म्हणजे पुढे विकार होत नाही, अशी पद्धत जगभर रूढ झाली होती. पुढे तिची रीतसर परीक्षा झाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात भाजलेल्या रुग्णांची पाहणी होती. तेरा महिन्यांनी, ज्यांची अशी बैठक घेतली होती त्यांच्यात विकाराचे प्रमाण शेकडा २६ आढळले. ज्यांची घेतली नव्हती त्यांच्यात शेकडा ९. पुढे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही या पद्धतीने विकार टळत असल्याचे दिसून आले नाही. आज मार्गदर्शक तत्त्वे ही पद्धत वापरू नये असेच सांगतात. जखम भरण्यापूर्वी तिच्यावरची खपली वारंवार काढण्याचाच तो प्रकार होता.

दुसरी गोष्ट झोपेच्या आणि शांतवनाच्या गोळ्यांची. घाबरलेल्या माणसास अशी गोळी देऊन निजवणे ही आपल्याकडील सर्रास पद्धत. बेन्झोडायझेपिन वर्गातील ही औषधे आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाची लक्षणे कमी करण्यासाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. त्यांनी विकार टळतो असे सिद्ध झालेले नाही. सवय मात्र लागते. रसायनोपचाराच्या वेळी उलटी किंवा घबराट आवरण्यासाठी कर्करोगतज्ज्ञ यांतील एखादे औषध देतात, ती गोष्ट वेगळी; ते मनाने बंद करू नये.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांच्या जिभेवरची. “विसरून जा”, “सकारात्मक विचार कर”, “तू तर वाघीण आहेस”. कर्करोगातून वाचलेल्यास आपण हल्ली ‘विजेता’ म्हणतो, ‘योद्धा’ म्हणतो, सत्कार करतो. त्यामागचा जिव्हाळा मला मान्य आहे. पण एकदा शाल आणि श्रीफळ स्वीकारल्यावर त्या योद्ध्याने “मला रात्री भीती वाटते” हे कुणाजवळ सांगावे? आघातातून माणूस अधिक समंजस, अधिक खोल होऊ शकतो, हेही संशोधनाने दाखविले आहे. परंतु अशी वाढ हे एखाद्याच्या नशिबी आलेले फळ असते. ती कुणाकडून मागून घ्यावयाची वस्तू नव्हे.

काय करावे

प्रतिबंधाचा आरंभ निदान सांगण्यापासून होतो. हे कसे सांगावे याची सहा पायऱ्यांची एक पद्धत बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली आणि आज ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. तिचा आशय साधा आहे. बसून, दार लावून, जवळचे माणूस सोबत घेऊन बोलावे. रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे ते विचारावे. त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यालाच विचारावे. मग थोडे थोडे, सोप्या शब्दांत सांगावे. त्याला जे वाटेल ते वाटू द्यावे. आणि शेवटी पुढची वाट आखून द्यावी. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत उभ्या उभ्या, दुसऱ्या चार रुग्णांच्या देखत सांगितलेला तोच मजकूर मनुष्य आयुष्यभर विसरत नाही.

आपल्या घरांत याच्या उलट अडचण असते. “डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका हं, ते खचतील,” असे मुलगा दारातच डॉक्टरांना विनवतो. हेतू प्रेमाचाच. पण अण्णांना कर्करोग विभागाची पाटी वाचता येते, शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांच्याशी बोलतो आणि घरातले सगळे अचानक गोड वागू लागल्याचे त्यांना दिसते. त्यांना सत्य कळतेच. फक्त ते एकट्याला कळते आणि त्याविषयी बोलण्याची सोय उरत नाही. सांगण्याची सक्ती नसावी, तशी लपविण्याचीही नसावी. “तुमच्या दुखण्याविषयी काय विचारायचे आहे का?” एवढा प्रश्न दार किलकिले ठेवण्यास पुरेसा असतो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष उपचाराचा. येथे प्रतिबंध म्हणजे मुख्यतः वेदना आणि उलट्या यांचा पहिल्या फेरीपासून कडक बंदोबस्त. पहिल्या फेरीत फार हाल झाले, तर पुढच्या फेऱ्यांची धास्ती मनात घर करते. “सोसायचे असतेच” ही समजूत सोडून द्यावी. आज यावर उत्तम औषधे आहेत आणि ती मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. प्रत्येक सुई टोचण्यापूर्वी काय होणार, किती वेळ लागणार, हे दोन वाक्यांत सांगितल्याने भय कमी होते, कारण अनपेक्षितपणा आणि असहायता हे आघाताचे दोन मुख्य घटक आहेत. मुंबईस उपचाराला गेलेल्यांना आणखी एक दुःख असते, ते परक्या गावातील एकटेपणाचे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरलेल्या रुग्णांना केवळ छप्पर मिळत नाही, त्याच वाटेवरचे सोबतीही मिळतात. त्या सोबतीचे मोल मी औषधाहून कमी समजत नाही.

अतिदक्षता विभागात राहिलेल्या रुग्णांच्या बाबतीत युरोपात एक प्रयोग झाला. रुग्ण बेशुद्धावस्थेत असताना परिचारिका आणि नातेवाईक रोज काय घडले ते एका वहीत लिहून ठेवीत आणि बरे झाल्यावर ती वही त्याला देत. हेतू असा की अर्धवट शुद्धीतील भयानक भासांच्या जागी खऱ्या घटनांची साखळी बसावी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३५२ रुग्णांच्या अभ्यासात वही मिळालेल्यांपैकी शेकडा ५ जणांना, तर न मिळालेल्यांपैकी शेकडा १३ जणांना नव्याने विकार जडला. २०१९ मध्ये फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा वही हा रामबाण उपाय नव्हे. तथापि तिच्यात अपाय नाही आणि ज्याला आपल्या आयुष्यातील हरवलेले दहा दिवस परत हवे आहेत, त्याच्यासाठी ती जरूर ठेवावी.

तिसरा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे : उपचार संपल्याचा दिवस. अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मलन यांना स्वतःला कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी असे दाखवून दिले की, वाचणे ही एका दिवसात पुरी होणारी घटना नसून त्याचेही ऋतू असतात आणि प्रत्येक ऋतूच्या गरजा वेगळ्या असतात. उपचार चालू असताना रुग्ण रोज कुणाच्या तरी नजरेखाली असतो, काहीतरी केले जात असते. उपचार संपतात आणि ते छत्र एकाएकी हटते. घरी पेढे वाटले जातात आणि इकडे पहिल्यांदाच सवड मिळालेले मन घडलेल्या गोष्टी मोजू लागते. म्हणून निरोप देताना रुग्णाच्या हाती एक कागद असावा : कोणते उपचार झाले, पुढील तपासण्या केव्हा, कोणती लक्षणे दिसली तर लगेच यावे, कोणत्या दुखण्याला घाबरण्याचे कारण नाही, आणि शंका आल्यास फोन कुणाला करावा. ‘पाठ तीन आठवड्यांहून अधिक दुखली तर या’ अशा प्रकारची, डॉक्टरांनी त्या रुग्णापुरती घालून दिलेली मर्यादा मनाला फार मोठा आधार देते. सावधता आणि धास्ती यांमधली रेषा तिने आखली जाते.

चौथा टप्पा पुन्हा विचारण्याचा. ताप मोजावा तसा मनाचा ताण मोजण्यासाठी अमेरिकेत ‘तापमापी’ची एक युक्ती काढण्यात आली. कागदावर शून्य ते दहा असे आकडे असलेला उष्णतामापक छापलेला असतो. गेल्या आठवड्यातील ताण रुग्णाने त्यावर खूण करून दाखवावयाचा. चार किंवा त्याहून अधिक आकडा आला तर पुढे बोलावे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत आणि “तुम्हाला मानसिक त्रास आहे का?” या प्रश्नाला “छे छे” म्हणणारा मनुष्यही आकड्यावर बोट ठेवतो. ही खूण निदान होताना, उपचार संपताना, त्यानंतर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करून घ्यावी असे माझे मत आहे. मलेशियातील अनुभव पाहता, वर्षभराने विचारणे थांबवू नये.

मुले, आईवडील आणि शाळा

हे व्याख्यान एका शाळेत होत असल्याने मुलांविषयी थोडे विस्ताराने बोलते. लहान मुलांत आढळणाऱ्या रक्ताच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक कर्करोगाचे उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. प्रगत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुले आज वाचतात. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण कमी आहे. २०३० पर्यंत जगभरात ते किमान शेकडा ६० व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्येच उपचार पुरे झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू केली, ही अभिमानाची गोष्ट होय.

या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. आघातोत्तर ताणाची लक्षणे मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांत अधिक आढळतात. मुलाला सुई टोचल्याचे आठवते. आईला त्या रात्री डॉक्टरांनी काय सांगितले ते आठवते. अमेरिकेतील फिलाडेल्फियात ॲन काझाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पौगंडावस्थेतील कर्करोगमुक्त मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी एका दिवसात चार सत्रांचा कार्यक्रम आखला. १५० कुटुंबांवरील त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची सततची सावधता कमी झाली आणि वडिलांच्या अनाहूत आठवणी कमी झाल्या. वडिलांचा उल्लेख मुद्दाम करते. आपल्या समाजात बाप रडत नाही. तो पैशांची जुळवाजुळव करतो, गाडीचे आरक्षण करतो आणि गप्प राहतो. त्यालाही कुणीतरी विचारावयास हवे.

शाळेचे काम आणखी वेगळे. दीर्घ आजारानंतर मूल वर्गात परतते तेव्हा त्याचे केस गेलेले असतात, अंगावर सूज असते, अभ्यास मागे पडलेला असतो. त्यापूर्वी एकदा पालकांना भेटून वर्गाला काय सांगावयाचे ते ठरवावे आणि मुलाची संमती घ्यावी. वर्गाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : हा रोग लागट नाही आणि केस पुन्हा येतात. पहिले काही दिवस अर्धा वेळ शाळा, जिना चढावा लागणार नाही असा वर्ग, हजेरीची सवलत, या सोयी बिनबोभाट कराव्यात. त्याला ‘बिचारा’ म्हणून बाजूला बसवू नये. फळा पुसण्याची पाळी त्याचीही असावी. घंटा, प्रार्थना, गृहपाठ आणि मधल्या सुट्टीतील भांडण, ही नित्याची लय मुलाच्या मनाला सांगते की जग पुन्हा जागेवर आले आहे. हे काम मानसोपचारतज्ज्ञाला जमणारे नाही. ते शिक्षकालाच जमते.

विकार जडलाच तर

इतके करूनही काहींना विकार जडतो. अशा वेळी लाज न बाळगता उपचार घ्यावेत, कारण उपचार गुणकारी आहेत. आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती यात अग्रगण्य मानली जाते. साधारण आठ ते बारा बैठकी लागतात. तिचे मर्म असे की ज्या गोष्टी मनुष्य टाळतो त्यांच्याकडे प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने पायरी पायरीने परतावयाचे. आधी रुग्णालयाचे छायाचित्र, मग त्या रस्त्याने रिक्षातून जाणे, मग फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे, मग आत जाऊन बसणे. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि थांबून राहिले की उतरते. ती उतरते हे शरीराला कळणे, हाच उपचार. मघाशी सांगितलेल्या एका बैठकीच्या घाईत आणि यात हाच फरक आहे : ही उजळणी विकार जडल्यानंतर, रुग्णाच्या संमतीने आणि त्याच्या गतीने होते. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ‘ईएमडीआर’ ही पद्धतही मान्य आहे. गरजेप्रमाणे नैराश्यावरील सर्ट्रालिनसारख्या औषधांचाही उपयोग होतो.

“हे सारे मोठ्या शहरांत, आमच्या गावात कुठे?” ही शंका रास्त आहे. तिला एक उत्साहवर्धक उत्तर आहे. अस्थिमज्जा किंवा रक्तातील मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही उपचारपद्धती दहा बैठकींत केवळ टेलिफोनवरून देण्यात आली आणि तरीही आघातोत्तर ताणाची लक्षणे कमी झाली. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. तेथे फोन करणे म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे. पण योग्य दाराशी नेणारी ती वाट आहे.

समारोप

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार असे की, आघातोत्तर ताण रोखणारे एखादे इंजेक्शन नाही आणि एखादी जादूची बैठकही नाही. भीती येणारच. प्रतिबंध म्हणजे ती भीती एकटी पडू न देणे आणि तिने तपासणीची वाट अडवू नये याची काळजी घेणे. हे काम अनेक हातांत वाटलेले आहे : बसून बोलणारा डॉक्टर, वेदना आवरणारी परिचारिका, खरे बोलू देणारे घर, मुलाला पुन्हा पाळीप्रमाणे फळा पुसू देणारे शिक्षक.

माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक विनंती ठेवते. आपल्या ओळखीत कर्करोगातून बरे झालेले कुणीतरी निश्चित आहे. त्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत जा. उपदेशाची गरज नाही, इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसणे पुरे. वर्ष उलटले, दोन वर्षे उलटली, की सोबत येणारे कमी होतात. त्या वेळी जा.